लेथवरचा जुना दिवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या ह्यांना ओळखत नाही.

शिवऱ्याला हायवेलगत आमचं वर्कशॉप आहे. लोखंड कातायचं लेथ मशीन हे चालवायचे, बाकी कारभार माझा. लेथवर एक जुना दिवा होता — हवा तसा वळणारा, लोखंडी टोपीचा, पिवळ्या बल्बचा. तेल उडो, लोखंडाचा तापलेला कीस उडो, त्याला काही होत नसे. पण दिसायला? कळकट. मला त्याची लाज वाटायची.

त्या वर्षी खंडेनवमीला, मशीनच्या पूजेला, वेल्ह्याहून माझे भाऊ येणार होते. माहेरची माणसं! मी स्वस्तातल्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबा आणून छताला लावून घेतल्या आणि तो दिवा उतरवला. भाऊ म्हणाले, "ताई, लई झगमगाट केलायस की!" मी फुलून गेले.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं आणि हे म्हणाले, "अगं, ह्या उजेडात फिरता चक थांबल्यावानी दिसतोय. माझा जुना दिवा दे बरं." चक म्हणजे लोखंड पकडून गरगर फिरणारा लेथचा जबडा. स्वस्तातला उजेड सारखा लुकलुकतो, आपल्याला जाणवत नाही, पण त्यात फिरणारी वस्तू जागच्या जागी उभी वाटते. हे मला नंतर कळलं — असं सांगणार होते. पण ह्यांनी तर आधीच सांगितलं होतं, नाही का?

मी म्हणाले, "तो? तो पडून फुटला."

फुटला नव्हता. माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवला होता. पुन्हा ते कळकट ध्यान डोळ्यांसमोर नको — एवढंच. एवढ्यासाठी मी खोटं बोलले.

मग एका सकाळी — शेजारचं मशीन धडधडत होतं, आवाजावरून काही कळेना. ह्यांना चक थांबलेला दिसला. कीस काढायला हात घातला. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

भोरच्या दवाखान्यात जो तो विचारत होता, कसं झालं? मीच सांगत सुटले, "ह्यांचं लक्ष नव्हतं." ह्यांच्या उशाशी उभी राहून सांगत होते. आणि रडायला लागले, तर हेच माझी समजूत घालायला लागले — "दिवा फुटला, त्याला तू काय करणार? म्याच ध्यान द्यायला पायजे व्हतं."

हे घरी यायच्या आत मी त्या ट्यूबा काढून टाकल्या. चांगले, न लुकलुकणारे दिवे बसवले. आता लेथ दुसरेच चालवतात. नवा माणूस आला की हे तो हात दाखवतात आणि सांगतात, "माझ्यागत येंधळेपणा करू नका." मी तिथंच असते. दर वेळी.

परवा माळा साफ करताना ते पोतं हाती लागलं. दिवा लावून पाहिला — लागला. लगेच. काचेला तडासुद्धा नाही.

खाली हे डाव्या हातानं चहा पीत बसले होते. मी दिवा विझवला आणि पुन्हा पोत्यात गुंडाळून ठेवला.