किसाची वाटी, साखरेची वाटी

काचबिंदूनं आईची नजर गेली आणि तिनं स्वयंपाकघर सोडलं. प्रताप नगरच्या घरात दिवसभर दिवाणावर बसून राहायची. "वाटी भरली का सांडली तेच दिसत नाही, तिथं माझं काय काम?" एवढंच म्हणायची. ही अशीच बसून राहिली तर खचून जाईल, याची मला धास्ती होती. बाबाही निवृत्त झाल्यापासून समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसूनच असत.

गेल्या उन्हाळ्यात बाबांनी डिजिटल काटा आणला. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाचे ट्रक तोलण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. घरात चहा उकळायचा गंज कुठं ठेवतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. "तुले दिसत नाही ना? मी आकडा सांगतो, तू ऐक," ते आईला म्हणाले. "साखरांबा करू."

आई जागची हलली नाही. मग बाबांनीच मला हाताशी घेऊन सुरुवात केली. आईचं प्रमाण सगळ्या घराला पाठ: कैरीचा कीस एक वाटी, साखर एक वाटी. बाबांनी दोन्ही सारख्या वजनाचं घेतलं. साखरांबा असा आंबट झाला की चाखताना त्यांचा एक डोळा मिटला.

"एकास एकच तर घेतलं वं," ते कुरकुरले.

"वाटीनं एकास एक. काट्यानं काहून घेतलं?" आई म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी भिंत चाचपत आत आली.

तिनं न दाबता किसाची वाटी भरली. बाबांनी ती तोलली. मग त्याच वाटीत साखर. साखर दीडपट जड निघाली. बाबांनी कीस दाबून पाहिला, तर त्याच वाटीत आणखी मूठभर मावला.

"म्हंजे वाटी तेवढीच, अन् वजन दरवेळी वेगळं?"

"किसात हवा राहते. कैरी रसाळ असली तर कीस खाली बसते, तवा मी साखर जराशी जास्त घेत होती."

"ओला कोळसाही असाच फसवते," बाबा हळूच म्हणाले.

इतकी वर्षं मी याला आईचा अंदाज म्हणत आले होते. ती तर प्रत्येक कैरी बघून नवा हिशेब मांडत होती, आणि आम्ही बोटं चाटत होतो.

दुसऱ्या खेपेला शंभर किसाला दीडशे साखर ठरली. बाबा बटण दाबून काटा शून्यावर आणत, तो टुक करून वाजे, आई मुठीनं साखर सोडे आणि बाबा ट्रकचं वजन पुकारायच्या जुन्या आवाजात सांगत, "ऐंशी... सव्वाशे... दीडशे, बस."

अर्ध्यात काट्याचा सेल संपला. आकडे गेले. मी तोंड उघडणार, तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. आईला कळलं तर ती हात धुऊन दिवाणावर जाईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. विझलेल्या काट्याकडे बघत ते पुकारत राहिले, "साठ... शंभर... दीडशे, बस."

मी ढवळत होते. आई कान देऊन उभी होती. "आता बुडबुडा जाड वाजून राहिला, उतरव," म्हणाली. गार झाल्यावर मी चाखलं. तोच साखरांबा, लहानपणीचा, जराही इकडेतिकडे नाही.

"पाहिलं?" बाबा म्हणाले. "काटा चुकत नाही."

आई बरणी पुसत होती. "काटा तर मधातच बंद पडला. टुक वाजणं थांबलं तवाच समजलं मले. पुढचं मी माह्या मुठीनं टाकलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही एवढं मन लावून पुकारून राहिले होते. म्हटलं, थांबवलं तर हे पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील."

बाबांनी डोक्याला दुपट्टा बांधला आणि भर उन्हात सेल आणायला निघाले.