फळ्यावर मुद्दाम केलेली चूक

पूनम, ये, अशी जवळ ये, म्हणजे कागदावरूनच तुझा कान धरता येईल. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, पोरीसाठी शाळा पाहिली, मोबाइलवर तिला साडेचार चांदण्या आहेत." अगं, चांदण्या हॉटेलला देतात! भाजी घेताना वांगं दाबून पाहतेस, आणि शाळा घरी सोफ्यावर बसून पाहतेस? तुझी मावशी आयुष्यभर शाळा तपासत फिरली, हे तरी आठवायचं होतं. आता रागावू नको. मी काही लेखिका नाही, जसं बोलते तसं लिहिते. एका शाळेची गोष्ट सांगते, ती ऐक.

साहेबांनी वर्गातलं तिसरं लेकरू उभं केलं. पहिल्या दोघांनी तोंड उघडलं नव्हतं. हेही उघडेना.

"बाळ, नाव काय तुझं?"

लेकरू छताकडे पाहत राहिलं.

"बरं, नाव राहू दे. या कार्डावरची एक ओळ वाच."

लेकरानं ओठ असे मिटले, जसं कोणी कडू औषध पाजायला आलंय.

मी तेव्हा केंद्रप्रमुख होते. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहाबारा जिल्हा परिषद शाळांची थोरली बहीण समज. शिकवणं कसं चाललंय ते बघायचं, चुकलं तर सांगायचं, आणि वरून कोणी आलं तर त्यांच्यासोबत उभं राहायचं. त्या दिवशी वरून आले होते ते विस्तार अधिकारी, तालुक्याच्या शिक्षण विभागातले, माझे साहेब. वयानं माझ्या मुलाएवढे, पण माणूस सरळ. ते शाळेचं मूल्यमापन करायला आले होते. इमारत, पाणी, वाचन, गणित, प्रत्येकाचे गुण मोबाइलमध्ये भरायचे, शेवटी शाळेला श्रेणी मिळते. एकदा सबमिट दाबलं की झालं.

शाळा मोताळ्याच्या अलीकडच्या एका गावातली. नाव सांगत नाही. दोन खोल्या, एक ओसरी, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पट, म्हणजे मुलांची संख्या, आधीच लहान. त्यात त्या वर्षी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन गावात यायला लागलेली. व्हॅनवाला दारोदार विचारत होता, पाडव्यापर्यंत नाव सांगा म्हणून. श्रेणी खाली गेली की चार घरं तिकडे वळणार. चार घरं वळली की शाळा पलीकडच्या गावात विलीन करायची चर्चा सुरू होणार. पलीकडचं गाव म्हणजे मधे मोठा रस्ता, त्यावरून ट्रक. लहान पोरी कोण पाठवणार तिकडे?

म्हणून त्या दिवशी ओसरीत काही पालक येऊन उभे होते. त्यात वंदना होती. तिची आरोही दुसरीत. वंदनानं मला फाटकातच गाठलं होतं. "मॅडम, मले बाकी काही समजत नाही. तुमी सांगा, पोरीले इथं ठेवू का व्हॅनमधी बसवू? माया नवऱ्यानं सारं मायावर सोडलं हाये." मी म्हटलं, "आज दुपारी सांगते."

आणि आता चारही इयत्तांचा एकत्र बसवलेला वर्ग मुका बसला होता.

मला नवल वाटत होतं ते वेगळंच. ही लेकरं मला चांगली माहीत होती. मागच्या खेपेला आले तेव्हा माझा पदर धरून धरून प्रत्येकानं आपापली चित्रं दाखवली होती. नको नको म्हणेस्तोवर बडबड. साहेबांना बिचाऱ्यांना वाटलं, काय शिस्त आहे! मग वाटलं, काहीच येत नाही यांना. मुख्याध्यापक गजानन सर घामाघूम. "घाबरले हो सर, नवीन माणूस पाहिला ना," एवढंच म्हणत होते.

मी लेकरांकडे नीट पाहिलं. प्रत्येक लेकरू तोंड मिटण्याआधी एकदा दाराकडे पाहत होतं. दारात कोण? शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष भीमराव भाऊ. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, आणि ओठांवर बोट. चेहऱ्यावर असं समाधान की जणू लग्नातली पंगत व्यवस्थित उठली.

मी ओसरीत गेले. "भाऊ, काय केलं तुम्ही?"

"कायचं काय? पाहा ना मॅडम, कसे चूप बसले हायेत! काल सांजेले साऱ्यायले देवळापाशी बसवलं. म्हटलं, पोट्टेहो, साहेब जाईपर्यंत कोणी तोंड उघडाल तर याद राखा. जो चूप राहीन त्याले बाजारातून जिलबी."

"अन् काऊन असं?"

"अवो, आमच्या टायमाले दिपोटी साहेब यायचे शाळा तपासाले. वर्ग गप असला की खूश होऊन जायचे. गलका केला की मास्तरची बदली. शाळा वाचवाची हाये ना बाप्पा!"

आता या माणसाला काय म्हणावं! शाळेसाठी जीव टाकणारा माणूस. पत्रे उडाले तेव्हा स्वतः वर चढला होता. मी म्हटलं, "भाऊ, आता आत चला आणि त्यांना बोलायला सांगा. साहेब शून्य भरून राह्यले."

शून्य ऐकल्यावर भाऊंची टोपीच सरकली. धावत आत गेले. "बोला रे पोट्टेहो! बोला! साहेबायले वाचून दाखवा!"

लेकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ओठ आणखी घट्ट मिटले. त्यांना वाटलं, भाऊ आपली परीक्षा घेऊन राह्यले. जिलबी इतक्या सहज कोण घालवणार?

"अबे बोला ना!" भाऊ ओरडले. एका पोरानं तर दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं.

साहेब मला म्हणाले, "मॅडम, मला पुढे अजून एक शाळा आहे. वाचन शून्य भरतो. माझा नाइलाज आहे."

"साहेब, एक खडू देता का मला? चहा येईपर्यंतच."

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, तिथल्या तिथं सुचलं ते.

मोताळ्याच्या बाजारात एक शेळी आली.
तिने भज्यांचा कागद खाल्ला.
दुकानदार तिच्या मागे धावला.
शेळी एसटीत चढली.

मग चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि लेकरांना म्हटलं, "तुम्हाला वाचता येत नाही तर राहू द्या. मीच वाचते." आणि बोट ठेवत मोठ्यानं वाचलं, "मोताळ्याच्या बाजारात एक म्हैस आली."

पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. एका पोरीनं शेजारणीला कोपर मारलं.

"तिने... तिने दुकानदार खाल्ला."

एकाचे खांदे हलायला लागले. दुसऱ्यानं पाटीआड तोंड लपवलं. मी आपली गंभीर. "खाल्ला तर खाल्ला. पुढे वाचू. दुकानदार एसटीत चढला..."

"अवो मॅडम!" आरोही ताडकन उभी राहिली. "कागद खाल्ला लिवलं हाये! दुकानदारले कायले खाईन ती? अन् म्हैस नाई, शेळी हाये!"

"कुठे लिहिलंय शेळी?"

"हे का! शे, ळी!" ती फळ्यापाशीच आली.

"खाल्लेला दुकानदार एसटीत कसा चढीन मॅडम?" मागून एक चौथीतला म्हणाला, आणि मग जे धरण फुटलं ते फुटलं. सगळा वर्ग उभा. जो तो मला वाचून दाखवत होता. पहिलीतलं सर्वांत लहान लेकरू एक एक अक्षर लावत "भ-ज्यां-चा" म्हणून धापा टाकत होतं. भीमराव भाऊ दारात हसता हसता खाली बसले.

साहेब हुशार. म्हणाले, "हे पाठ तर नाही ना?"

"आत्ता लिहिलं साहेब मी. तुम्ही लिहा काहीतरी."

साहेबांनी खडू घेतला, स्वतःच्या मनानं दोन ओळी लिहिल्या आणि त्याही चुकीच्या वाचल्या. लेकरांनी त्यांनाही सोडलं नाही. "सर, तुमाले चष्मा पाह्यजे!" असंही ऐकावं लागलं. मग त्यांनी एकेकाला कार्ड दिलं. बहुतेक सगळ्यांनी वाचलं, काहींनी अडखळत, पण वाचलं. गजानन सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

मला वाटलं, संपलं. पण साहेबांना माझी युक्ती आवडली होती.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, बेचाळीस उणे सतरा. खाली रेघ मारली आणि उत्तर लिहिलं, पस्तीस. वळून विचारलं, "बरोबर?"

"बरोबर!" सगळा वर्ग एका सुरात. तिसरी-चौथीतलेही, ज्यांना हे यायलाच हवं तेही. ओसरीतून भाऊंचाही आवाज आला, "बरोबर!"

पूनम, तू हसू नको. यात काय झालं ते सांगते. दोनातून सात जात नाहीत. मग शेजारचा एक दशक मोडायचा, त्याचे दहा सुटे करायचे, तेव्हा बारातून सात जातात. लेकरांना हे न समजता नुसतं गणित पाठ करवलं की ती मोठ्यातून लहान काढून मोकळी होतात. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. झाले पस्तीस. खरं उत्तर पंचवीस.

साहेबांनी आणखी दोन वजाबाक्या तशाच चुकीच्या लिहिल्या. "बरोबर! बरोबर!" एकही लेकरू उभं राहिलं नाही. यावेळी कोणी तोंड दाबून बसलं नव्हतं. खरंच येत नव्हतं.

गजानन सर मला बाजूला घेऊन गेले. आवाज रडवेला. "मॅडम, वाचनाचं भरा, वजाबाकीचं राहू द्या ना. साहेब तुमचं ऐकतात. आज श्रेणी गेली तर शाळा जाईल."

"सर, आज वाचनाला शून्य पडणार होतं ते खरं नव्हतं म्हणून मी मधे पडले. हे खरं आहे. यात नाही पडणार."

"पण मॅडम..."

"तुम्ही वाचन किती छान घेतलंय ते साहेबांनी आज पाहिलं. आपण वजाबाकी झाकली तर त्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

मी साहेबांना म्हटलं, "जसं दिसलं तसं भरा." त्यांनी भरलं. वाचनाला भरपूर, गणिताला कमी, स्वच्छतागृहात पाणी नाही त्याचेही कमी. श्रेणी मधली आली. ना हार घालावा अशी, ना तोंड लपवावं अशी.

फाटकात वंदना उभीच होती. सगळं खिडकीतून पाहिलं होतं तिनं.

"म्हणजे शाळा खराबच म्हना ना मॅडम?"

"वाचन चांगलं आहे. वजाबाकी कच्ची आहे. तुझी पोरगी साहेबासमोर उभी राहून मला चुकलीस म्हणाली, ते तर कुठंही विकत मिळत नाही."

"मंग ठेवू का नको?"

"पाडव्यापर्यंत ठरवायचं आहे ना? तोवर सरांना वेळ दे. आणि त्या दुसऱ्या शाळेतही जाऊन ये. वर्गात बस, फळ्यावर काहीतरी चुकीचं लिही आणि पाहा कोण बोलतं."

"मी? मी आठवी शिकलेली, मी काय तपासू?"

"चूक करायला किती शिकावं लागतं बाई?"

ती हसली, पण गेली हं ती! इंग्रजी शाळेत तिला ऑफिसातच बसवलं. पालकांना वर्गात जाता येत नाही, असा नियम म्हणाले. असेल. तिथं चांगलंही असेल. पण तिला पाहता आलं नाही एवढं खरं.

इकडे गजानन सरांनी दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलून घेतलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, दशक मोडणं लेकरांना डोळ्यांनी कसं दाखवू?" मी म्हटलं, "तूर निघाली ना गावातली? तुराट्या आणा." सरांनी तुरीच्या वाळक्या काड्या बोटाएवढ्या तोडल्या, दहा दहाच्या जुड्या बांधल्या. काड्या कमी पडल्या की जुडीची दोरी सोडायची. लेकरांना दोरी सोडण्यात इतकी मजा की गरज नसतानाही सोडायची. ते सुधारायला आणखी काही आठवडे गेले. भीमराव भाऊ काड्यांचे भारे स्वतः आणून टाकायचे आणि मागं बसून शिकायचे. पण शिकून राह्यलो असं कबूल करायचे नाहीत. "पोट्ट्यायवर ध्यान ठेवून राह्यलो," म्हणायचे.

पाडव्याच्या आधी वंदना रस्त्यात भेटली. सांगू लागली, "मॅडम, काल सैपाक करता करता खडूनं फरशीवर लिवलं, बावन्न उणे अठ्ठावीस, छत्तीस. पोरीले म्हटलं, पाय बरं, बरोबर हाये ना? तर मले म्हणते, आई, जुडी सोडलीच नाही तुनं, छत्तीस कुठून आणले?"

"मग?"

"मंग काय! व्हॅनवाल्याले नाही म्हणून सांगतलं."

त्या घरामागोमाग आणखी दोन घरं थांबली. एक गेलं, त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. विलीन करायचं बोलणं त्या साली तरी निघालं नाही. स्वच्छतागृहाच्या पाण्यासाठी मात्र मला निवृत्त होईपर्यंत भांडावं लागलं. नळ आला तो मी घरी बसल्यावर.

तर एवढंच सांगायचं, शाळा पाहायला गेलीस तर भिंतीवरची चित्रं नंतर पाहा. लेकरांसमोर एक चूक कर आणि गप्प उभी राहा. कोणी तुला अडवलं तर तिथं शिकवणं चालू आहे. सगळे बरोबर म्हणाले तर शिकवायचं बाकी आहे, आणि ते लपवून ठेवण्यापेक्षा सांगितलेलं बरं. इतकी वर्षं नोकरी केली, याहून सोपी तपासणी मला सापडली नाही.

आता तू ये बरं लवकर, तुला ती शाळाच दाखवते. सणाला नको, सुट्टीतही नको, तेव्हा वर्गाला कुलूप असतं. साध्या सोमवारी ये, पोरीलाही घेऊन ये. सकाळच्या एसटीनं निघालीस तर जेवायला माझ्याकडे पोचशील.