सायलेन्सरवरचा ग्लास

बाबांचा फोन आला तेव्हा मी वाशिमच्या खोलीवर सकाळची भांडी घासत होते. "तुही आत्या गेली," ते म्हणाले. मग, "ट्रॅक्टरवरचा ग्लास तसाच पालथा हाये. तू ये." दुसऱ्या कुणाला हे वाक्य वेडगळ वाटलं असतं. मला त्यात सगळं समजलं. आमच्या अंगणात कडुनिंबाखाली एक बुटका, जुनाट ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्या उभ्या सायलेन्सरवर पाणी आत जाऊ नये म्हणून स्टीलचा एक ग्लास पालथा घातलेला असतो. विमलआत्या उठली की तोंड धुवायच्या आधी तो ग्लास उचलायची, भिंतीवर ठेवायची आणि काम असो नसो, इंजीन थोडा वेळ चालू करायची. आयुष्यभर नर्स होती, सकाळी पेशंटची नाडी पाहायची सवय मोडली नव्हती. त्या आवाजाने वस्ती उठायची. त्या दिवशी वस्ती आवाजाविना उठली.

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन मेडशीकडे गेली, नवरा लवकर वारला, मग नर्सिंगचं शिक्षण घेऊन तिने उपकेंद्रांमधून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली. शेलूबाजारहून आत आलं की आमचं गाव लागतं. गावात आत्याला नावाने कुणी हाक मारत नसे, ती सगळ्यांची नर्सबाई. त्या ग्लासाची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता. नोकरीच्या सुरुवातीला ती घरोघर डोस पाजायला जायची तेव्हा काही घरांत तिला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. काही घरांत तिच्यासाठी कोनाड्यात वेगळा पेला असायचा. ज्या बाईचं बाळंतपण हिने केलं, तिच्याच घरी. तेव्हा तिने बाजारातून एक स्टीलचा ग्लास घेतला आणि पिशवीत ठेवला, लसीच्या डब्याशेजारी. कुणी पाणी विचारलं की आपला ग्लास पुढे करायचा. "म्हणजे मंग त्याहीले लाज नाही अन् मलेबी नाही," असं ती म्हणाली. मी संतापले. त्या घरांची नावं सांग म्हणाले. तिने मेथीची काडी माझ्याकडे फेकली. "कायले? आता त्याहीच्या सुना पाणी देतात मले, कपबशीत चहा देतात. नावं घेऊन काय पत्रक छापतं का?"

छापलंही असतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबांच्या सायकलच्या कॅरिअरला कायम एक गठ्ठा बांधलेला असायचा, सभेचा, मोर्चाचा, जयंतीचा. बाराखडीच्या आधी मी उद्गारचिन्ह शिकले. त्यामुळे आत्याने ट्रॅक्टर आणला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, हा कुणासाठी? कारण ती वस्तू मुळात श्रीमंतांच्या बागेसाठी बनलेली, परदेशी, एका सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी आणि जेमतेम कमरेएवढी उंच. मालेगावच्या वाटेवर संत्र्याची एक रोपवाटिका बंद पडली होती, तिच्या मागे हा वेलींखाली पडून होता. आत्या तिथे लिंबाची रोपं बघायला गेली आणि हे धूड बघून आली. मालक म्हणाला, घेऊन जा बाई, जागा तरी मोकळी होईल. मालवाहू ऑटोतून तो आमच्या अंगणात उतरला तेव्हा त्याच्या सीटखालून मुंगसाचं पिल्लू पळालं. बाबा म्हणाले, "ताई, पेन्शनीत खेळणं आणलं का?"

तिने उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. आमच्या वस्तीतल्या बहुतेकांकडे एकर-दीड एकराचे तुकडे आहेत. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने कशीबशी होते, पण सोयाबीन वर आलं की दोन ओळींमधलं तण काढायला डवरणी करावी लागते आणि तिथे मोठा ट्रॅक्टर जात नाही. वस्तीत बैल उरले नाहीत. दुसऱ्याची जोडी भाड्याने मागावी तर ती आधी मोठ्या वावरांत जाते, आमच्याकडे येईपर्यंत तण पिकाच्या डोक्यावर. म्हणून एकेक बाई कंटाळून वावर मक्त्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, देऊ लागली होती. आत्या म्हणाली, "जमीन मक्त्यानं देली का आपून आपल्याच वावरात मजूर. बुटकं हाये हे, पण दोन ओळीच्या मधून जाईन." बाबांची इतकी पत्रकं मी वाचली, पण जमिनीचा प्रश्न इतक्या रुंदीचा असतो, दोन ओळींमधल्या अंतराएवढा, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

तिला इंजिनातलं काही येत नव्हतं. तिला फक्त आजारी माणूस कसा बघायचा ते येत होतं. शेलूबाजारला हायवेवर रफिकभाईंचं पंपांच्या इंजिनांचं दुकान आहे, त्यांना ती घेऊन आली. त्यांनी चाक हलवून पाहिलं, वास घेतला आणि सांगितलं, "बाई, मेलं नाही. जाम झालं." मग आत्याने प्लगच्या भोकातून केरोसीन आणि ऑइल सोडायला सुरुवात केली, सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने, रोज सकाळ-संध्याकाळ, औषधाच्या वेळा पाळाव्यात तशी. लोक विचारत, "नर्सबाई, ताप उतरला का?" ती म्हणायची, "अजून ग्लानी हाये." एक दिवस फ्लायव्हील बोटभर फिरलं. तिने मला वाशिमला फोन केला आणि दुसरं काही न सांगता म्हणाली, "हाललं." मी शिकवणीच्या पोरांसमोर उभी होते, तरी मला हसू आवरेना.

मी सुट्टीला गेले की पॉलिश पेपरने गंज घासायचं काम माझं. ट्रॅक्टर निळा रंगवायचा हे माझ्या मनात पक्कं होतं, पुढे बोनेटवर एक वाक्य लिहायचं हेही. वाक्य तयार होतं. शिवाय मी एक पत्रकही लिहून छापून आणलं होतं, 'लहान शेतकऱ्याचं यंत्र लहान शेतकऱ्याच्या हाती', खाली सात मुद्दे. आत्याने ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. "चांगलं हाये," म्हणाली, आणि कार्बोरेटरचे सुटे भाग त्यावर मांडले. "कागद जाड हाये. ऑइल झिरपत नाही." रंगाचं म्हणाल तर आधी गंजरोधक रेड ऑक्साइडचा हात मारायचा ठरलं. तो मारला, आणि पैसे नव्हे तर इंजीन जोडायला रफिकभाईंची वेळ आडवी आली, म्हणून ट्रॅक्टर तसाच लाल-शेंदरी अवस्थेत कडुनिंबाखाली बरेच दिवस उभा राहिला.

आणि एका शनिवारी रुखमाबाई आल्या. त्या वरच्या वस्तीतल्या, नाल्यापलीकडे त्यांचं अर्ध्या एकराचं वावर, मुलगा आणि सून ऊसतोडीला जाणारे. आत्याकडे गुडघ्याची गोळी मागायला आल्या होत्या. दुरून त्यांना झाडाखाली काहीतरी बुटकं, गोल डोक्याचं, शेंदरी दिसलं आणि त्यांनी चप्पल काढून हात जोडले. पदराखालून नारळ निघाला, बहुधा मारुतीच्या देवळात जायचा होता. मी दारातून हे बघत होते. आमच्या अंगणात! ज्या घराने देव उचलून नदीत सोडले त्या घराच्या कडुनिंबाखाली! माझ्या तोंडात बावीस प्रतिज्ञा तयार होत्या. आत्या हात पुसत पुढे गेली. "रुखमाबाई, देव नाही वो तो. डवऱ्याचं इंजन हाये."

रुखमाबाईंनी डोळे बारीक केले. "मंग शेंदूर काहून लावला?"

"गंज लागू नाही म्हून."

"देवालेबी त्याच्याचसाठी लावतात का कोन जाणे," त्या म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की आत्याला ओट्यावर बसावं लागलं. नारळ फोडला. त्याची चटणी झाली. रुखमाबाईंनी जेवताना विचारलं की हे इंजन नाल्यापलीकडे येईल का, तिकडे कुणाची जोडी येत नाही. आत्या म्हणाली, येईल. रात्री मी निळ्या रंगाचा डबा काढला तेव्हा ती माझ्याशेजारी बसली. "निळा मलेबी आवडते, माय. पन हे नाल्यापलीकडेबी जाईन. निळं केलं तं तिकडच्या बाया म्हनतीन हे त्याहीचं हाये, अन् मांगनारच नाहीत." मी वाद घातला. आपला रंग आपण का लपवायचा? ती म्हणाली, "लपवत नाही. निशान घरावर हाये ना, दिसते शेलूबाजारच्या रोडवरून." मला ते तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटलंय, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. ट्रॅक्टर रेड ऑक्साइडचाच राहिला. गावाने त्याचं नाव ठेवलं शेंद्र्या.

शेंद्र्या पहिल्यांदा चालला तो दिवस मात्र पूर्ण वस्तीचा. इंजिनापासून चाकांकडे जाणारा चपटा पट्टा मिळत नव्हता, तेव्हा गावातल्या पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा कापून बसवायचं ठरलं. गिरणीवाल्याने मोठ्या हौसेने स्वतः बसवून दिला, गिरणीत बसवतो तसाच, मध्ये पीळ देऊन. अंगणात गर्दी. आत्याने दोरी ओढली, एकदा, दोनदा, आणि सायलेन्सरमधून काळा धूर, वाळलेली पानं आणि मग आवाज आला. टाळ्या. आत्याने गिअर टाकला आणि ट्रॅक्टर ठामपणे मागे निघाला. मागे न्हाणीची कुडाची भिंत होती, ती गेली. गिरणीतला पट्टा पीळ देऊन बसवतात तो चाक उलटं फिरावं म्हणूनच, हे गिरणीवाल्याच्या लक्षात नव्हतं आणि आमच्या कुणाच्याच नव्हतं. बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "समाज मांगं चालला म्हनून मी पत्रकं वाटली. आता ट्रॅक्टरबी चालला." न्हाणीच्या पऱ्हाट्यांत, कपाशीच्या वाळक्या काड्यांत, बसलेली आत्या म्हणाली, "चालला तं खरं." पीळ काढला. शेंद्र्या पुढे गेला.

मग प्रश्न आला पाळीचा. पाऊस उघडला की वापसा, म्हणजे वावरात पाय न फसता काम करता येईल इतकाच ओलावा, थोडेच दिवस टिकतो आणि तेव्हा सगळ्यांना एकदमच डवरणी हवी असते. कुणी म्हणे चिठ्ठ्या टाका, कुणी म्हणे जवळचं आधी. आत्या म्हणाली, "लहान आधी." लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात ती हेच करायची. रांग कितीही असो, कुणाची ओळख असो, सगळ्यांत लहान बाळ पहिलं. इथे सगळ्यांत लहान वावर पहिलं. म्हणजे रुखमाबाईंचं. सगळ्यांत मोठं तीन एकरांचं आमचं, म्हणजे शेवटी. बाबा कुरकुरले, बहिणीला म्हणाले की माझ्याच अंगणात उभा आणि माझंच शेवटी, पण पहिल्या पावसाळ्यापासून नियम तसाच चालला. वस्तीतलं मक्त्याने गेलेलं एक वावर पुढच्या वर्षी परत आलं, मग आणखी एक. त्याच वर्षी कधीतरी आत्याने पिशवीतला ग्लास काढून सायलेन्सरवर घातला. मी विचारलं, हा का? ती म्हणाली, "यानं लई पानी पेलं. आता पानी अडवू दे."

आणि या उन्हाळ्याच्या शेवटी ती गेली. झोपेत, काही न मागता. विहारात वंदना झाली, वरच्या वस्तीतल्या बायाही आल्या आणि मागे शांत बसल्या. मग पाऊस झाला, पेरण्या झाल्या, सोयाबीन वर आलं, तणही आलं. गेल्या आठवड्यात पाऊस उघडला तेव्हा मी गावी होते. बाबांनी सकाळी पेट्रोल टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा जवळचं आधी करून घेऊ. आपलं लागूनच हाये. आभाळाचा भरवसा नाही... नंतर नाल्यापलीकडे जाऊ." मला माझ्याच बापाविरुद्ध सात मुद्दे सुचले. तोंड उघडणार, तेवढ्यात रुखमाबाई फाटकातून आल्या. त्यांना ऐकू गेलं असावं किंवा नसावं. त्या म्हणाल्या, "भाऊ, यंदा तुमचंच आधी करा. घरात दुख झालं तुमच्या. माहं काय, अर्धा एकर. खुरप्यानं ओढीन."

बाबा ग्लासापाशी गेले. तो आत्याने ठेवला होता तसाच होता, पावसाने धुतलेला, त्यावर कडुनिंबाचं एक पिवळं पान चिकटलेलं. इतके दिवस कुणी हात लावला नव्हता. बाबांनी तो उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि भिंतीवर ठेवला. "नाही वो, रुखमाबाई," ते म्हणाले. "लहान आधी." मग दोरी ओढली. पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला वस्ती उठली.

नाल्यापलीकडे दुपारी काम संपलं तेव्हा रुखमाबाईंनी बाबांना पाणी दिलं, घरच्या तांब्यातून, घरच्याच पेल्यात. बाबा दोन पेले प्यायले. मी त्याबद्दल काही बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी नवीन आहे. संध्याकाळी सायलेन्सर थंड होईपर्यंत बाबा शेजारी बसून राहिले, मग ग्लास पालथा घातला. आमच्या तीन एकरांत तण गुडघ्याला लागलंय आणि आमच्या आधी अजून दोन वावरं आहेत. आज पुन्हा आभाळ भरून आलंय. येऊ दे... ग्लास जागेवर आहे.