विचारून ठेवलेला हात

"विचारलंय मी. आता थांबू या." एवढं म्हणून मसाजवाल्या बाई दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवायच्या आणि समोरच्या मुलाकडे न बघता बसून राहायच्या. कधी पाच मिनिटं, कधी सबंध तास.

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांना त्या दर शनिवारी मसाज करायच्या, हालचालींचे व्यायाम घ्यायच्या. मूळच्या नागपूरच्या, साठी ओलांडलेल्या. माझी पाच वर्षांची इरा तेव्हा कुणालाच अंगाला हात लावू देत नसे. केस धुवायचे म्हटलं की घरभर रडारड. म्हणून आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो.

परवानगी घ्यायचं त्यांचं वेड तुम्ही पाहायला हवं होतं. बसमध्ये रिकाम्या सीटवर बसतानाही शेजारच्याला विचारायच्या. पहिल्या भेटीत मला म्हणाल्या, "जवळ घेऊ का तुम्हाला?" मी संकोचून "नको, नको" म्हटलं. आपल्याकडे असलं 'नको' कुणी खरं धरत नाही. त्यांनी धरलं. "बरं," म्हणाल्या आणि चटई अंथरायला लागल्या.

माझ्या नवऱ्याने विचारलं, "याने ती बरी होईल ना?"

"ती आजारी नाही हो. अंगाला जरा आराम वाटेल. त्यापुढचं मी कबूल करणार नाही."

सहा शनिवार गेले, त्यांनी इराला बोटही लावलं नाही. सातव्या शनिवारी माझा धीर सुटला. इराला मागून घट्ट धरलं आणि म्हटलं, "करा आता पटकन. होईल तिला सवय." इरा किंचाळली. त्या उठून उभ्या राहिल्या.

"सोडा तिला. आत्ता."

मी सोडलं. घरी येताना कारखान्यांच्या वसाहतीजवळ गाडी थांबवून रडले. परत जायचं नाही, असं ठरवूनच टाकलं. पण पुढच्या शनिवारी सकाळी इराच कोट घालून दाराशी उभी.

त्या दिवशी तिने आपणहून त्यांच्या हातावर पाय ठेवला. त्यांनी तो सबंध पंजाने, सावकाश, चांगला दाबून धरला. "हलका हात टोचतो तिला," त्या म्हणाल्या. पाच वर्षं मी तिला जपून, अगदी हलकेच हात लावत आले होते. इराने डोळे मिटले.

"तुम्ही शिकून घ्या," त्या मला म्हणाल्या. "मी काय, शनिवारपुरती."

दोन वर्षांनी त्यांच्या बोटांचे सांधे आखडले आणि त्या लेकीकडे बर्मिंगहॅमला राहायला गेल्या. पुढच्या शनिवारी इरा ऐकेना, म्हणून आम्ही सेंटरवर गेलोच. हॉलमध्ये बॅडमिंटन चालू होतं. इराने कडेला बसून बूट-मोजे काढले. मीही तिला विचारलं आणि तळवे उघडे ठेवून शेजारी बसले. बऱ्याच वेळाने ती सरकली आणि माझ्याकडे न बघता तिने दाबून घ्यायला पाठ माझ्या हातांपुढे केली.