मिरचीच्या गोदामातला खोकला

त्याची रीत ठरलेली: काउंटरला कोपर टेकायचं, मूठ तोंडाशी न्यायची आणि दोनदा खोकायचं. मग म्हणायचं, "ताई, ठसका काय जात न्हाई."

नव्वदच्या दशकात मी तुर्भ्याच्या एका औषधाच्या दुकानात कामाला होते. तो समोरच्या मसाला बाजारात मिरचीची पोती वाहायचा. साताऱ्याकडचा, चाळिशीचा, आडव्या अंगाचा. पहिल्यांदा आला तेव्हा खोकला खरा होता, डॉक्टरांची चिठ्ठीही होती. मी कोडीनचं सिरप दिलं; कोडीन म्हणजे अफूचंच भावंड. आठवड्यात खोकला गेला, बाटली मात्र सुटली नाही.

"त्यानं पाठ गप बसती," एकदा त्यानेच सांगितलं.

घड्या पडून चिठ्ठीचे चार तुकडे झाले होते. ते काउंटरवर नीट जुळवून ठेवायचा. "बघा, डाक्टरच म्हनत्यात." मी हसायचे आणि बाटली द्यायचे. तुम्ही म्हणाल, नाही का म्हटलं नाही? दिवसभर उभं राहिल्यावर नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

पुढे त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक दिसू लागल्या. सारखा हात खाजवायचा. बोलता बोलता डुलकी लागायची. पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल नेऊ लागला. मला सगळं कळत होतं. हेच तर शिकले होते.

एका दुपारी त्याची बायको आली. पत्र्याच्या डब्यातून तिने रिकाम्या बाटल्या काढल्या.

"ह्ये कशाचं औषध हाय?"

"खोकल्याचं."

"पर त्ये तर खोकत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी त्याला बाटली दिली नाही. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, पैल्यांदा तुमीच दिलं की."

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून होता. नाक-डोळे गळत होते, पाय आखडले होते, सदरा घामाने भिजला होता. मी सुट्टी घेतली आणि नवरा-बायकोला सरकारी दवाखान्यात नेलं. दोन आठवड्यांनी परतला तेव्हा गालांवर थोडं मांस आलं होतं. त्यानंतर दोन महिने रस्त्याच्या पलीकडूनच हात करायचा. बोलावलं तरी येत नसे. "हितंच बरा हाय," ओरडून सांगायचा.

मग दिसेनासा झाला. गावी गेला असेल, असं मी धरून चालले.

एके दिवशी बायको आली. कपाळ मोकळं होतं. मी तिला स्टूलवर बसवलं. तिने सांगितलं, त्याची पाठ पुन्हा धरली होती. दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातून त्याने बाटली आणली, पूर्वीइतकीच प्यायला, वर कोणीतरी दिलेल्या झोपेच्या गोळ्या घेतल्या. सकाळी ती उठवायला गेली तर अंग गार.

मध्ये सुटलेलं असलं की शरीराला जुनं माप पेलत नाही. त्यात गोळ्यांची भर पडली की श्वास मंद होत होत थांबतो. हे त्याला सांगायला मला रस्ता ओलांडून दोन मिनिटं लागली असती.

"ताई, त्यास्नी तरास झाला असंल का?"

"नाही," मी म्हणाले. "झोपेतच गेले."

तिने मान हलवली. साताऱ्याची एसटी पकडायची होती. मी बोचकं उचलून तिच्या डोक्यावर दिलं. आत घरातली भांडी होती, चालताना वाजत होती.