दोन सारखी पानं

कार्डिफच्या मराठी मंडळींत कुणाचा गुडघा धरला, पाय मुरगळला, की फोन वैजयंतीताईंना. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर त्यांनी कौन्सिलकडून जमिनीचा तुकडा घेतला आणि इंग्रजांच्या जुन्या औषधी वनस्पती लावल्या. शतकांपूर्वीच्या वैदूंनी काढलेली झाडपाल्याची चित्रं लायब्ररीत बघायची आणि रोपाशी ताडून पाहायची, हे त्यांचं वेड. पण खरा भरवसा बोटांवर. दुखऱ्या सांध्यांवर लेपाला लागणाऱ्या कॉम्फ्रीचं पान खरखरीत, कड सलग. फॉक्सग्लोव्हचं मऊ, कडेला दाते, आणि पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडवणारं. फुलं येईपर्यंत दोन्ही सारखीच दिसतात. फरक दाखवायला म्हणून ताईंनी ती मुद्दाम शेजारी लावली होती.

सकाळी मंडळींतली नंदा गुडघ्याच्या लेपासाठी कॉम्फ्री घेऊन गेली. ताई नळावर होत्या, म्हणून तिनं आपल्या हातानंच तोडली. दुपारी ताई वाफ्यापाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या. फॉक्सग्लोव्हचीही पानं तोडलेली होती.

नंदानं फोन उशिरा उचलला.

"नंदा, पानं कुठायत?"

"वड्या केल्या, ताई! अगदी अळूसारखी आहेत हो. श्रीकांतला धीर कुठला, तळायच्या आधीच सुरू!"

"अगं, लेप म्हटलं होतं मी! कुणी आणखी खाऊ नका. आले."

घर दोन गल्ल्यांवर. ताई धावतच पोचल्या. नंदाचा नवरा श्रीकांत टेबलाशी बसला होता.

"या ताई. तुमचा पाला फर्स्ट क्लास आहे!"

त्यांनी एक वडी उलगडली. बेसन, चिंच, वाफेनं लिबलिबीत झालेलं पान. कड चिरून गेलेली. बोटांना काहीच कळेना. दुसरी उलगडली. तिसरी.

"कॉम्फ्रीच आहे ना हो?" नंदाचा आवाज बारीक झाला.

एका होकारानं सगळं शांत झालं असतं. ताईंचं नावही राहिलं असतं.

"मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या आणि ९९९ लावला.

"वड्यांसाठी अ‍ॅम्ब्युलन्स? ऑफिसात काय सांगू?" श्रीकांत हसला. मग बशी दूर सारून म्हणाला, "जरा मळमळतंय, पण तुम्ही घाबरवलंत म्हणून असेल."



अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आली, श्रीकांतच्या छातीला वायरी लावल्या. ठोक्यांच्या आलेखाची कागदी पट्टी सरकत बाहेर येऊ लागली. ती पाहणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या मुलीच्या चेहऱ्यावरून काही उमगत नव्हतं.

"ही पानं दिली कुणी?" तिनं विचारलं.

नंदा खाली बघत राहिली.

"मी," ताई म्हणाल्या. उरलेल्या वड्या तपासणीसाठी डब्यात भरून त्या श्रीकांतच्या मागोमाग गाडीत चढल्या.