पलटणीची धून येनाला भेटली

फ्रँकफर्टहून निघालेली गाडी जर्मनीतल्याच येना शहराच्या डोंगरांत शिरली आणि मी लहान पोरासारखा खिडकीला नाक लावून बसलो. फुटबॉलचा विश्वचषक नुकताच आटोपला होता, बाल्कन्यांतून अजून झेंडे लटकत होते. सैन्यात उभा जन्म बॅगपाइप वाजवलेला मी हवालदार माणूस. लेकीच्या, शुभांगीच्या कृपेने पहिल्यांदाच परदेश बघत होतो. ती इथे भिंगांवर संशोधन करते.

दोन दिवस क्ल्योसे (बटाट्याचे उकडलेले गोळे) खाऊन कंटाळलो, तशी तिने मला एका खाणावळीत लोकसंगीत ऐकायला नेलं. वादक खुर्च्यांवर गोल बसले होते, मधे जोड्या नाचत होत्या. तिसरी धून सुरू झाली आणि मी ताडकन उभाच राहिलो.

"ही आमच्या पलटणीची धून आहे!"

"बाबा, हळू बोला ना. इथला फोल्क्सटान्झ (लोकनाच) आहे हा."

"मला नको शिकवू. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून वाजवतोय. सांग त्यांना."

तिने बिचारीने सांगितलं. अकॉर्डियन वाजवणाऱ्या हेल्गाबाई खळखळून हसल्या.

"आल्झो (तर) बाबा, त्या म्हणतात, धून मुळात स्कॉटलंडची. त्यांना ती फ्रान्समधल्या एका नाचाच्या मेळ्यात मिळाली. तुमचीच असेल तर वाजवून दाखवा म्हणतात."

एका दाढीवाल्याने लगेच आपला स्कॉटिश बॅगपाइप पुढे केला. आता पलटणीच्या अब्रूचा प्रश्न होता. मला खुर्ची दिली, मीही रीत म्हणून बसलो, पिशवी फुगवली आणि दुसऱ्याच ओळीत अडखळलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच बोटं अडली. दाढीवाला सभ्यपणे बिअरच्या ग्लासात बघू लागला. शुभांगीने मान खाली घातली. मला दरदरून घाम फुटला.

मग लख्ख आठवलं. आमच्या उस्तादांनी ही धून बसून कधी वाजवूच दिली नव्हती. परेडच्या मैदानात शिकलो होतो, चालता चालता. बोटांना ती पायांबरोबरच येत होती! खुर्ची मागे सारली, उठलो आणि डावा पाय टाकला.

काय सांगू, धून नुसती धो धो वाहू लागली. मागून हेल्गाबाई अकॉर्डियन घेऊन निघाल्या, मग व्हायोलिनवाले, मग नाचणाऱ्या जोड्या. खाणावळीतून आमची वरात थेट रस्त्यावर! माझ्या बाजूला शुभांगी हात झुलवत कदम मिळवत होती आणि रडत होती. इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. दुसऱ्या ओळीच्या शेवटी या लोकांनी जोडीला गिरकी घेता यावी म्हणून एक छोटी मुरकी घातली आहे. तीही मी चालता चालताच उचलली.

साताऱ्याला परतलो आणि पुढच्या एप्रिलातल्या भीमजयंतीसाठी आमच्या निवृत्तांच्या बँडची तालीम सुरू झाली. माझं वाजवणं ऐकून आमचे बँडप्रमुख सुभेदारसाहेब थांबले.

"जय भीम हवालदार. ओळीच्या शेवटी हात घसरला का?"

"घसरला नाही साहेब. येनाला असंच वाजवतात."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पुन्हा वाजवायला लावलं. धून कुणाची, यावरून मी परक्या गावात भांडायला उभा राहिलो होतो, याचं आता हसू येतं. ती जिथे गेली तिथलीच झाली, आणि म्हणून तर आमचीही झाली. जयंतीच्या मिरवणुकीत अख्खा बँड ती मुरकी घेत होता, सर्वांत पुढे सुभेदारसाहेब. आणि मागे नाचणाऱ्या बाया, कुणीही न शिकवता, बरोबर त्याच जागी गिरकी घेत होत्या.